विजयदुर्गाचा पाडाव : एका साखळीची परीक्षा

वाघोटणच्या खाडीच्या मुखाशीं, तीन बाजूंनीं समुद्राच्या लाटा झेलीत उभा असलेला विजयदुर्ग ज्यानें एकदां पाहिला, त्याच्या मनांत एक प्रश्न आल्यावांचून राहत नाहीं. एकामागें एक अशी तिहेरी तटबंदी, आंत शिरण्याची वाट वळणाची, पाठीशीं गलबतांना निवारा देणारी खोल खाडी, आणि खाडीच्या आंतल्या अंगाला गिर्ये येथें जहाजांच्या डागडुजीची गोदी. असा हा किल्ला १७५६ च्या फेब्रुवारी महिन्यांत अवघ्या दोन दिवसांत शत्रूच्या हातीं कसा गेला? शाळेच्या पुस्तकांतून या प्रश्नाचें उत्तर सहसा एका वाक्यांत मिळतें : इंग्रजांच्या तोफा मोठ्या होत्या. हें उत्तर खोटें नाहीं. पण तें अपुरें आहे. कारण याच किल्ल्यावर याच इंग्रजांनीं १७१७ सालीं व पुन्हां १७२० सालीं तोफा डागल्या होत्या, आणि दोन्ही खेपांना त्यांना हात हलवीत परत जावें लागलें होतें. तट तोच, खाडी तीच, खडकही तोच. मग मधल्या छत्तीस वर्षांत बदललें काय ?

प्रस्तुत लेखकाचें म्हणणें असें कीं, किल्ला फारसा बदलला नव्हता. बदललें होतें तें किल्ल्याभोंवतालचें जाळें. विजयदुर्ग हा एकटा किल्ला कधींच नव्हता. मुंबई बंदराच्या तोंडापासून दक्षिणेकडे पसरलेल्या जलदुर्गांच्या साखळींतील तो एक कडी होता, आणि त्याचें सामर्थ्य जितकें त्याच्या चिऱ्यांत होतें, तितकेंच किंवा त्याहून अधिक तें इतर कड्यांशीं असलेल्या त्याच्या संबंधांत होतें. २०२५ च्या जुलै महिन्यांत युनेस्को या संस्थेनें मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादींत घातले. ते बारा सुट्या वास्तु म्हणून नव्हे, तर एकाच संरक्षणरचनेचे अवयव म्हणून घातले. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार सागरी किल्ले त्यांत आहेत. ही दृष्टि योग्य आहे. मात्र ती गौरवापुरती न ठेवतां पराभवाच्या विचारालाही लावली पाहिजे. रचना एक होती, तर ती तुटली कोठें, हेंही विचारलें पाहिजे.

अशा विचाराला जवळचें उदाहरण हवें असेल, तर तें आजच्या शहरांतील मेट्रो रेल्वेंत सांपडतें. मुंबईच्या तिसऱ्या मेट्रोमार्गाचा आचार्य अत्रे चौकापर्यंतचा भाग १० मे २०२५ रोजीं लोकांसाठीं खुला झाला. त्याला तीन आठवडेही पुरे होत नाहींत तोंच, २६ मेच्या मुसळधार पावसांत त्या स्टेशनाच्या बांधकाम चालू असलेल्या दाराकडून पाणी आंत घुसलें आणि फलाटापर्यंत पोहोंचलें. त्या दिवशीं गाड्या आरेहून वरळीपर्यंतच धांवल्या. तें स्टेशन त्या वेळीं मार्गाचें शेवटचें टोक होतें, म्हणून निभावलें. टोकाची कडी गळाली तरी मागची साखळी शाबूत राहिली. परंतु तेंच पाणी मरोळ नाक्यासारख्या, दोन मार्गांच्या सांध्यावर असलेल्या स्टेशनांत शिरलें असतें तर ? मार्गाचे दोन तुकडे झाले असते, आणि या मार्गावरून त्या मार्गावर जाणाऱ्या हजारों माणसांची वाट एकाएकीं नाहींशी झाली असती. पाणी तेंच, स्टेशनाचें बांधकामही तसेंच. परंतु परिणामांत जमीनअस्मानाचें अंतर. तें अंतर स्टेशनाच्या भिंतींत नसतें. जाळ्यांतील त्याच्या जागेंत असतें.

जाळ्याचा असा विचार करण्याचें शास्त्र तसें जुनें आहे. १७३५ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथील विद्वत्सभेपुढें लेओनार्ड ऑयलर या गणितज्ञानें क्योनिग्सबर्ग शहरांतील सात पुलांचें कोडें सोडवून दाखविलें. प्रत्येक पूल एकदांच, आणि एकदांच, ओलांडून सारें शहर फिरतां येईल काय, असा तो प्रश्न होता. येत नाहीं, असें त्यानें सिद्ध केलें. तें करतांना बेटांचे आकार, पुलांची लांबी, रस्त्यांची वळणें हें सर्व त्यानें बाजूला सारलें आणि दोनच गोष्टी ठेवल्या : ठिकाणें, आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा. आजचे अभियंते मेट्रोच्या बाबतींत हीच रीत चालवितात. स्टेशन म्हणजे ठिकाण, रूळ म्हणजे वाट. मग कागदावरून एकेक स्टेशन पुसून ते तीन प्रश्न विचारतात. हें गेलें तर जाळ्याचे तुकडे किती पडतात ? ज्यांची वाट येथून जात होती त्यांना दुसरी वाट उरते काय, आणि उरलीच तर ती किती लांबची ? तिसरा प्रश्न बहुधा विसरला जातो : या स्टेशनाचा भार शेजारच्या स्टेशनांवर पडला, तर तीं तो पेलतील, कीं तींही एकामागून एक बसतील ? हेच तीन प्रश्न आपण आंगऱ्यांच्या साखळीला विचारून पाहूं.

कान्होजी आंगरे यांना बाळाजी विश्वनाथ यानें १७१३ च्या सुमारास शाहूच्या पक्षांत आणलें, तेव्हां सरखेलपदाबरोबर त्यांच्याकडे दहा जंजिरे व सोळा लहान किल्ले ठेवण्यांत आले. ही नुसती जहागीर नव्हती. नकाशा समोर घेऊन बसलें म्हणजे तिच्यांतील योजना ध्यानांत येते. उत्तरेस मुंबईच्या तोंडाशीं खांदेरी आणि अलिबागेस कुलाबा. मध्यें हर्णैच्या किनाऱ्यासमोर सुवर्णदुर्ग. त्याच्या दक्षिणेस शास्त्री नदीच्या मुखावर जयगड. पुढें विजयदुर्ग, आणि त्याच्याही खालीं देवगड. जवळजवळ प्रत्येक मोठ्या खाडीच्या मुखाशीं एक पहारेकरी बसलेला. खाडी हा कोंकणचा खरा हमरस्ता होता. सह्याद्रीवरील सागवान, घाटावरील धान्य, दारूगोळा आणि माणसें त्याच वाटेनें समुद्राला मिळत. म्हणजे प्रत्येक किल्ल्याला दोन वाटा होत्या : एक समुद्रावरून शेजारच्या किल्ल्याकडे, आणि दुसरी खाडींतून आंत, देशाकडे. समुद्राची वाट पावसाळ्यांत चार महिने बंद पडे. जमिनीची वाट कष्टाची असली तरी बारमाही होती.

या दुहेरी वाटांचें मोल पहिल्या दहा वर्षांत पुरतें दिसून आलें. मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून यानें नवें आरमार बांधून १७१७ सालीं विजयदुर्गावर चाल केली. तटाला लावण्यासाठीं आणलेल्या शिड्या आंखूड पडल्या, असें त्या वेळच्या इंग्रज लेखकानेंच लिहून ठेवलें आहे. १७१८ सालीं त्यांनीं खांदेरी गांठली. तेथेंही अपयश आलें. १७२० सालीं 'फ्राम' नांवाचा एक तरता तोफखाना मुद्दाम बांधून पुन्हां विजयदुर्गावर आणला. त्याचाही उपयोग झाला नाहीं. १७२४ सालीं डचांनीं तोच किल्ला घेण्याचा प्रयत्न केला आणि तेही माघारे गेले. या सर्व प्रसंगांत हल्ला एका ठिकाणावर होता. परंतु प्रतिकार साखळीचा होता. एका किल्ल्यावर तोफा सुरू झाल्या तरी आंगऱ्यांचीं हलकीं गलबतें उथळ खाड्यांतून निसटून दुसऱ्या बंदरांत जात, आणि जेथें इंग्रजांच्या जड जहाजांचा तळ टेके तेथें त्यांना ओढूनही नेतां येई. शत्रूला उघड्या समुद्रावर अन्नपाणी जपून राहावें लागे. हंगाम सरत आला म्हणजे काळ किल्लेकऱ्यांच्या बाजूनें लढे.

या प्रसंगांपैकीं सर्वांत शिकण्याजोगा प्रसंग कुलाब्याचा. १७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज एक होऊन, इंग्लंडच्या राजाचीं जहाजें घेऊन आलेल्या कमोडोर मॅथ्यूज याच्यासह कुलाब्यावर चालून गेले. समुद्राची बाजू पुरी अडली होती. त्या वेळीं कुलाबा वांचला तो जमिनीच्या वाटेनें. शाहूच्या सरकारांतून पिलाजी जाधव फौज घेऊन खालीं उतरला. दोस्तांची जमिनीवरची चढाई मोडली. पोर्तुगिजांनीं मराठ्यांशीं वेगळा तह केला आणि इंग्रज एकटे पडले. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर येथें मिळतें. एक वाट बंद पडली असतां दुसरी उघडी होती, आणि ती घाटावरून येत होती. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. कारण पस्तीस वर्षांनीं त्याच दिशेनें, त्याच सरकारची फौज पुन्हां कोंकणांत उतरली, आणि तेव्हां तिचें तोंड आंगऱ्यांकडे होतें.

कान्होजी १७२९ सालीं वारले. त्यांचा वडील मुलगा सेखोजी चार वर्षांत गेला आणि मागें राहिलेल्या भावांत तंटा लागला. मानाजी आणि संभाजी यांचा कलह मिटविण्यासाठीं बाजीराव पेशव्यानें वांटणी केली : मानाजीला वजारतमाब हा किताब व कुलाबा, संभाजीला सरखेलपद व सुवर्णदुर्ग. हें साल १७३५. म्हणजे ऑयलरनें पुलांचें कोडें सोडविलें तेंच. वांटणी करणाऱ्याला ती न्यायाची वाटली असेल, आणि घरचें भांडण म्हणून पाहिलें तर तींत अन्याय फारसा नव्हता. पण ती शेतजमिनीची वांटणी नव्हती. शेताचे दोन भाग केले तर दोन लहान शेतें होतात; जाळ्याचे दोन भाग केले तर दोन लहान जाळीं होतात असें नाहीं. खांदेरीपासून देवगडपर्यंत जी एक वाट होती, ती कुलाबा व सुवर्णदुर्ग यांच्यामध्यें कापली गेली. किल्ला एकही पडला नाहीं, एकही चिरा हलला नाहीं, आणि तरीही साखळीची पहिली कडी त्या दिवशीं तुटली.

संभाजीच्या मृत्यूनंतर, १७४२ च्या सुमारास, दक्षिणेकडील भाग तुळाजीकडे आला. तुळाजी कर्तबगार दर्यावर्दी होता, यांत संशय नाहीं. त्यानें सिद्दीकडून अंजनवेल घेतलें, आणि १७४९ सालीं 'रिस्टोरेशन' हें इंग्रजांचें लढाऊ जहाज पकडलें. परंतु त्याच्या कर्तबगारीनें एक उलटी गोष्ट घडली. उत्तरेची बाजू भावाकडे गेलेली, पेशव्यांशीं बिनसलेलें, वाडीचे सावंत आणि बावड्याचे अमात्य या शेजाऱ्यांशीं वैर. अशा स्थितींत त्यानें आपलें सारें बळ विजयदुर्गांत एकवटलें. उत्तम जहाजें, उत्तम तोफा, खजिना, गोदी, कुटुंब, सर्व एका ठिकाणीं. पाहणाऱ्याला किल्ला पूर्वींपेक्षां बळकट दिसत होता. जाळ्याच्या दृष्टीनें तो पूर्वींपेक्षां धोक्याचा झाला होता. कारण जेथें सर्व वाटा एकवटतात तें ठिकाण गेलें म्हणजे एक किल्ला जात नाहीं, सर्वच जातें.

१९ मार्च १७५५ रोजीं मुंबईकर इंग्रज आणि नानासाहेब पेशवे यांच्यांत तुळाजीविरुद्ध करार ठरला. पेशव्यांच्या बाजूनें रामाजी महादेव बिवलकर हा कोंकणचा सरसुभेदार त्यांत मुख्य होता. कमोडोर विल्यम जेम्स आपलें 'प्रोटेक्टर' जहाज व बरोबर कांहीं लहान जहाजें घेऊन निघाला. सुवर्णदुर्गाच्या बंदरांत आंगऱ्यांचें जें आरमार होतें, तें त्याला पाहतांच दक्षिणेकडे निघून गेलें. जेम्सनें जयगडच्या बाजूपर्यंत त्याचा पाठलाग केला, पण तीं हलकीं गलबतें हातीं लागलीं नाहींत. त्यानें मग पाठलाग सोडला आणि एकट्या राहिलेल्या सुवर्णदुर्गाकडे तो वळला. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीं अशा वेळीं गलबतांचें निसटणें हा डाव ठरला असता, कारण तीं शेजारच्या बंदरांतून फिरून शत्रूच्या पाठीवर आलीं असतीं. आतां पाठीवर यावयाला उत्तरेस आपलें म्हणावें असें बंदर उरलें नव्हतें. डाव तोच, जाळें तुटल्यामुळें त्याची नुसती पळापळ झाली.

सुवर्णदुर्गाच्या पश्चिमेकडील तटावर, जो कांहीं ठिकाणीं खडकच कापून काढलेला आहे, जेम्सच्या तोफांचा कांहीं परिणाम झाला नाहीं. दुसऱ्या दिवशीं तो बेट आणि किनारा यांमधील चिंचोळ्या पाण्यांत शिरला. येथें किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा हे तीन लहान किल्ले मूळ किल्ल्याला आधार म्हणूनच बांधलेले होते. आंत पडलेल्या एका गोळ्यानें गवती छप्पर पेटलें, आग दारूखान्याला पोहोंचली आणि तो उडाला. लौकरच सुवर्णदुर्ग पडला, आणि त्यामागोमाग किनाऱ्यावरचे किल्लेही. तिकडे जमिनीवरून पेशव्यांचें सैन्य साखळीच्या दक्षिणेकडील लहानमोठीं ठाणीं घेत निघालें. १७५६ चा जानेवारी संपत आला तेव्हां विजयदुर्ग बहुतेक एकटा उरला होता.

या दोन मोहिमांच्या मधली एक घटना इतिहासांत दोन ओळींत येते. पण आपल्या विषयाच्या दृष्टीनें ती मोहिमेहून महत्त्वाची आहे. १७५५ च्या अखेरीस अॅडमिरल वॉटसन मुंबईस आला होता, आणि त्याच्यासाठीं जेम्सनें विजयदुर्गाची पाहणी केली. तोफेच्या टप्प्यापर्यंत जाऊन त्यानें पाण्याची खोली मोजली, मोठीं जहाजें तटाच्या किती जवळ आणतां येतील हें पाहिलें, बंदरांत तुळाजीचें आरमार कसें उभें आहे याची नोंद केली, आणि किल्ल्याच्या अजिंक्यतेची जी कीर्ति मुंबईंत ऐकूं येई ती अतिशयोक्तीची आहे, असा अभिप्राय दिला. पन्नास वर्षें ज्या किल्ल्याच्या नांवानें व्यापारी जहाजें धास्तावत, त्याच्या दुर्बलतेचें हें मोजमाप त्याच्या धन्यानें केलें असतें तर कदाचित् कांहीं उपाय सुचला असता. तें शत्रूनें केलें.

७ फेब्रुवारीस वॉटसनचें आरमार मुंबईहून निघालें. बरोबर रॉबर्ट क्लाइव्हच्या हाताखालीं जमिनीवर उतरविण्याची फौज होती. ११ तारखेस तें विजयदुर्गासमोर आलें. तुळाजी त्या वेळीं किल्ल्यांत नव्हता; तो पेशव्यांच्या छावणींत बोलणें करण्यासाठीं गेला होता, आणि किल्ला नातलगांच्या हवालीं होता. १२ तारखेस दुपारीं तोफांचा भडिमार सुरू झाला. तुळाजीचें आरमार किल्ल्याच्या आश्रयानें खाडींत, एकमेकांना बांधून उभें केलेलें होतें. चारच्या सुमारास एक गोळा 'रिस्टोरेशन'वर पडला, तेंच जहाज जें सात वर्षांपूर्वीं इंग्रजांकडून जिंकून आणलें होतें. तें पेटलें, त्याची आग शेजारच्या जहाजावर गेली, तेथून पुढच्यावर, आणि संध्याकाळपर्यंत आंगऱ्यांचें सारें आरमार जळून गेलें.

हा प्रसंग दैवाचा म्हणून सोडून देण्याची रीत आहे. परंतु येथें आपल्या तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर अत्यंत स्पष्ट लिहिलेलें आहे. वाटा म्हणजे नेहमीं सोयच, असें नाहीं. ज्या दोरांनीं जहाजें एकमेकांस आधार देतात, त्याच दोरांवरून आग चालत जाते. शेजाऱ्याचा भार शेजाऱ्यानें पेलावा यासाठीं संबंध हवा. पण शेजाऱ्याचें संकट आपल्यावर येऊं नये यासाठीं तो वेळेवर तोडतांही आला पाहिजे. मेट्रोच्या बोगद्यांत पूर अडविणारे दरवाजे बसवितात, धूर एका भागांत कोंडून ठेवण्याची सोय करतात, गाड्या अलीकडच्या स्टेशनावरून उलट फिरतील अशा जागीं रूळ बदलण्याची व्यवस्था करतात, तें यासाठींच. २६ मेच्या दिवशीं वरळीहून गाड्या परत फिरवितां आल्या, म्हणून मागचा मार्ग चालू राहिला. विजयदुर्गाच्या खाडींत तसा दोर तोडणारा कोणी नव्हता, किंवा असला तरी त्याला अवसर मिळाला नाहीं.

रात्रीं क्लाइव्ह आपली फौज घेऊन किनाऱ्यावर उतरला आणि त्यानें किल्ला व मराठ्यांची छावणी यांच्या मध्यें तळ दिला. किल्ला दोस्तांच्या हातीं जाऊं नये, ही त्यांतील योजना होती. लूट आपसांत कशी वांटावयाची, हें इंग्रजांनीं मुंबई सोडण्यापूर्वींच ठरविलें होतें, आणि त्या ठरावांत मराठ्यांचा वांटा नव्हता. १३ तारखेस किल्ला शरण आला. सुमारें दहा लक्ष रुपयांची रोकड आणि दोनशेंहून अधिक तोफा इंग्रजांना मिळाल्या. त्यांचीं मेलेलीं व जखमी माणसें अवघीं विसाच्या आसपास होतीं. तुळाजी पेशव्यांच्या कैदेंत पडला आणि त्याचें उरलेलें आयुष्य कैदेंतच गेलें.

इंग्रजांनीं किल्ला लगेच सोडला नाहीं. ऑक्टोबर १७५६ च्या तहानें बाणकोट व दहा गांवें आपल्याकडे कायम करून घेऊन मग त्यांनीं विजयदुर्ग पेशव्यांच्या हवालीं केला. म्हणजे नानासाहेबांनीं जें मागितलें होतें तें त्यांना मिळालें. फक्त तें मिळालें तेव्हां त्यांतील जहाजें राख झालीं होतीं, आणि साखळी म्हणून काम करणारी रचना मोडली होती. पुढें पेशव्यांनीं विजयदुर्गास आपल्या आरमाराचें मुख्य ठाणें केलें. आनंदराव धुळप यांनीं तेथून मोठा पराक्रम गाजविला. एप्रिल १७८३ मध्यें 'रेंजर' हें इंग्रजांचें जहाज त्यांनीं लढून पकडलें. पण हे पराक्रम एका ठाण्याचे होते. पश्चिम किनाऱ्यावर कोणाच्या परवान्यानें जहाजें चालावयाचीं, हा प्रश्न १७५६ नंतर मराठ्यांच्या हातीं राहिला नाहीं. १८१८ सालीं विजयदुर्ग इंग्रजांकडे गेला, तेव्हां त्या घटनेची नोंद एका किल्ल्याचा पाडाव यापलीकडे झाली नाहीं, आणि ती योग्यच होती.

या प्रकरणांत दोष कोणाचा, यावर मराठी इतिहासकारांत पुष्कळ वाद झालेला आहे. तुळाजी उद्दाम होता, मध्यवर्ती सत्तेला जुमानीत नव्हता, शेजाऱ्यांस त्यानें त्रास दिला, हें खरें. नानासाहेबांचा राग निष्कारण नव्हता. परंतु राग आणि हिशेब या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. नानासाहेबांनीं तुळाजीच्या अपराधाचें माप घेतलें. विजयदुर्गाच्या जागेचें घेतलें नाहीं. ठाण्याचा अधिकारी वाईट असला म्हणजे तें ठाणेंच उखडून टाकावें, ही चूक राज्यकर्त्यांकडून वारंवार होते. तुळाजीचा हिशेबही तितकाच चुकला. आपला किल्ला अजिंक्य आहे असें मानणाऱ्याला घाटावरून येणाऱ्या वाटेची किंमत कळली नाहीं, आणि १७२१ सालीं कुलाबा कोणी वांचविला होता याचा त्याला विसर पडला.

अलीकडच्या शास्त्रज्ञांनीं जाळ्यांच्या बाबतींत जो निष्कर्ष काढला आहे, तो या कथेला चांगला लागू पडतो. आल्बर्ट, जिओंग व बाराबाशी या तिघांनीं २००० सालीं असें दाखविलें कीं, ज्या जाळ्यांत थोड्या ठिकाणीं पुष्कळ वाटा एकवटलेल्या असतात, तीं जाळीं सहजगत्या होणाऱ्या बिघाडांना चांगलीं टिकतात. पण कोणी नेमकीं तींच मोठीं ठिकाणें हेरून मारलीं, तर तीं लौकर ढांसळतात. म्हणून दहा वर्षांत कांहीं मोठें झालें नाहीं, हा जाळ्याच्या भक्कमपणाचा पुरावा नव्हे. १७२४ ते १७५५ या तीस वर्षांतही विजयदुर्गावर कांहीं मोठें संकट आलें नाहीं. अर्थात् मेट्रोचें जाळें आणि जलदुर्गांची साखळी सर्वस्वीं सारखीं नाहींत. मेट्रोचा शत्रु बहुधा पाणी, आग किंवा नादुरुस्त यंत्र असतो, सेनापति नसतो. परंतु पाणीसुद्धां एक प्रकारें हेरूनच येतें. तें सखल जागा शोधतें, आणि मोठीं सांध्याचीं स्टेशनें पुष्कळदां खोल भुयारांत असतात.

याचें एक उदाहरण न्यूयॉर्कचें आहे. तेथील साऊथ फेरी हें पन्नास कोटी डॉलरांहून अधिक खर्चून बांधलेलें भुयारी स्टेशन २००९ सालीं सुरू झालें आणि ऑक्टोबर २०१२ मधील वादळांत समुद्राच्या पाण्यानें भरून गेलें. तें पुन्हां चालू होण्यास २०१७ चा जून उजाडला. मधल्या काळांत उतारूंची सोय झाली ती, नवें स्टेशन झाल्यावर टाकून दिलेल्या जुन्या स्टेशनामुळें. एप्रिल २०१३ मध्यें तेंच पुन्हां उघडावें लागलें. नवें अधिक सुंदर, अधिक सोयीचें होतें. जुनें केवळ शिल्लक होतें, आणि त्या शिल्लक राहण्यानेंच तें कामास आलें. काटकसरीच्या दृष्टीला जी वाट निरुपयोगी दिसते, तिची किंमत संकटाच्या दिवशीं कळते.

आपल्या मुंबईला यांतून घ्यावयाचा बोध भिंतींची उंची वाढविण्यापुरता नाहीं. नकाशावर तेथील मेट्रोमार्ग व उपनगरी रेल्वे यांचें एक जाळें दिसतें. परंतु वर्सोवा-घाटकोपर मार्ग एका कंपनीनें चालविला, दहिसरकडील मार्ग दुसऱ्या संस्थेनें, भुयारी मार्ग तिसऱ्या महामंडळानें, आणि उपनगरी गाड्या तर भारतीय रेल्वेच्या दोन विभागांनीं. यांत कोणाचा दोष काढावयाचा नाहीं; प्रत्येक संस्था आपल्या स्टेशनांची काळजी घेतच असेल. पण एकाचें स्टेशन बंद पडलें असतां त्याचे उतारू दुसऱ्याच्या फलाटावर लोटतात, आणि त्या घटकेला दुसऱ्याला आधीं वर्दी असावी, जादा गाडी तयार असावी, जिना मोकळा असावा, हें काम कोणाचें ? कुलाब्याचा मानाजी आणि सुवर्णदुर्गाचा संभाजी, दोघेही आपापल्या तटांची डागडुजी नीट करीत असतील. दोघांच्या मधल्या पाण्याची काळजी कोणाकडेच नव्हती.

ऑगस्ट २०२० च्या पावसाळ्यांत विजयदुर्गाच्या तटाचा कांहीं भाग ढांसळला. तो बांधून काढणें अवश्य आहे, आणि जागतिक वारशाच्या यादींत नांव गेल्यावर तें काम अधिक नेटानें होईल अशी आशा आहे. पण किल्ला पाहावयास येणाऱ्या मुलांना आपण बुरूज मोजावयास लावतों, तटाची रुंदी सांगतों, आणि तेथेंच थांबतों. त्यांना बुरुजावर उभें करून उत्तरेकडे बोट दाखवावें, पलीकडे दृष्टीआड जयगड, सुवर्णदुर्ग आणि कुलाबा आहेत असें सांगावें, आणि विचारावें : यांपैकीं एक गेला, तर येथील माणसांनीं काय करावें ? १७३५ सालीं हा प्रश्न कोणी विचारला नाहीं. मुलें मात्र उत्तर द्यावयाला लागतील, आणि त्यांतलीं कांहीं मोठेपणीं शहरांच्या वाटा आंखतील.